आधी मेलेला पार्ट दाखव

लिओना वाव्राच्या भंगाराच्या आवारात रिकाम्या हाताने गेलात तर ती तुम्हाला दारातूनच परत पाठवते. पंप हवा असेल तर आधी तुमचा बिघडलेला पंप तिच्या टेबलावर ठेवायचा. दाराची कडी हवी असेल तर तुटलेली कडी. "मेलेला पार्ट दाखव, मग जिवंत देते," असं ती म्हणते, आणि हे ती पाद्र्यालाही म्हणते आणि शेरीफलाही. नवखा माणूस चिडतो. इतक्या लांबून आलो, मी काय चोर आहे का, वगैरे बोलतो. लिओना सगळं ऐकून घेते, कपभर कॉफी पाजते आणि परत पाठवते.

मी स्वतः दोनदा परत गेलोय. दुसऱ्यांदा तर शिव्या घालत गेलो. मग एकदाचा मेलेला वॉटर पंप घेऊन आलो, तर तिने तो उजेडात धरून फिरवला, आत बोट घालून खरवडलं आणि म्हणाली, "एल्डन, हा मेला नाही, तू मारलायस. पट्टा किती ताणून बसवला होतास? दुसरा दिला तर तोही सहा महिन्यांत मारशील." मग तिने मला तिथेच उभं करून पट्टा कसा बसवायचा ते शिकवलं. तेव्हा मला शाळेची बस चालवायला लागून अठरा वर्षं झाली होती आणि गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. तो दुसरा पंप अजून चालतोय, हे कबूल करायला जीवावर येतं.

आमच्या होरेब गावात दोन चर्च आहेत आणि पिकअप गाड्यांच्याही दोनच कंपन्या. एका चर्चच्या मुलीने दुसऱ्या चर्चच्या मुलाशी लग्न केल्याची उदाहरणं आहेत. एका कंपनीच्या माणसाने दुसऱ्या कंपनीची गाडी घेतल्याचं मला एकच आठवतं, आणि तो पुढे ओमाहाला राहायला गेला. पण दोन्ही कंपन्यांची माणसं भंगारासाठी लिओनाच्याच दारात. तिथे शेजारी शेजारी उभं राहून एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात आणि एकाच कपाटातले कप वापरतात.

तिचा नवरा स्टॅन्ली अडुसष्ट साली गेला, तेव्हा गावाने धरूनच ठेवलं होतं की बाई आता आवार विकून बहिणीकडे जाईल. बाईने दफनाच्या चौथ्या दिवशी स्टॅन्लीची डांगरी कमरेला दोरीने आवळली आणि क्रेन सुरू केली. पहिल्याच दिवशी तिने स्वतःच्या ऑफिसचा पोर्च पाडला. तो अजून बांधलेला नाही. विचारलं तर म्हणते, "आता दारात उजेड येतो." पुढच्या पाच-सहा वर्षांत ती इंजिन कानाने ओळखायला शिकली. कुणी शिकवलं म्हणाल, तर कुणीच नाही. लोक मेलेले पार्ट आणत गेले आणि ती ते वाचत गेली.

सोळा एकरांत नऊशेच्या आसपास जुन्या पिकअप उभ्या आहेत आणि त्यांची एकही यादी नाही. सगळं तिच्या डोक्यात, आणि तेही माणसांच्या नावाने. "चौसष्टचा हेडलाइट? एमिलची हिरवी बघ, चौथी रांग, जिच्यात बाभळीचं झाड उगवलंय. उजवा घे. डावा त्याने सासूच्या खांबावर फोडलाय." पार्ट तुम्ही स्वतः काढायचा, आणि तो कुणाच्या गाडीचा हे ऐकून घेतल्याशिवाय तो आवाराबाहेर जात नाही. म्हणून आमच्याकडे कुणाची गाडी बंद पडली की तो सांगतो, "पाद्र्याचा स्टार्टर गेला," आणि सगळ्यांना ते बरोबर कळतं.

तिच्या ऑफिसच्या भिंतीवर एक भोंगा आहे. सहा राज्यांतली पन्नासेक भंगाराची आवारं एकाच टेलिफोनच्या तारेवर जोडलेली, आणि दिवसभर त्या भोंग्यातून पुरुष ओरडत असतात: कुणाला दरवाजा हवा, कुणाला गिअरबॉक्स. बाईचा आवाज तिचा एकटीचाच. "होरेब, चौऱ्याहत्तरचा डावा दरवाजा आहे का?" "आहे." "रंग कुठला?" "गंज." सहा राज्यं हसतात. पण लिओनाने 'आहे' म्हटलं की तो असतो, आणि 'चांगला आहे' म्हटलं की कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. तारेवरच्या फार थोड्या माणसांबद्दल असं म्हणता येईल.

आता चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीतलं सांगतो.

मार्विन क्लानेकी हा माझा शेजारी, म्हणजे आमच्या घरांमध्ये दोन मैल. आमच्या भागात गाडीतलं मार्विनइतकं कळणारा दुसरा माणूस नाही. तरी अकरा वर्षं त्याने लिओनाच्या आवारात पाऊल टाकलं नव्हतं. पार्ट हवा असला की मेलेला पार्ट माझ्या हातात द्यायचा आणि मी जायचो. का, ते मी विचारलं नाही. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मार्विनने सत्याहत्तरची निळी पिकअप घेतली तेव्हा त्याच्या मुलाने, लाइलने, त्याच कंपनीची, त्याच वर्षाची तपकिरी घेतली. एकीचे पार्ट दुसरीला चालावेत म्हणून. बापलेकांनी दोन्ही गाड्या इतक्या वेळा उघडल्या-जोडल्या की कुठला बोल्ट मुळात कुठल्या गाडीचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्र्याऐंशीच्या जानेवारीत एका शनिवारी लाइल गावाहून परतताना हिमवादळात अडकला. वादळात गाडी सोडून चालायला लागू नये, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवतात. त्याने गाडी सोडली नाही. ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवलं, आणि धूर आत भरला. तेवीस वर्षांचा होता. घर तिथून दीड मैलावर होतं.

गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. लिओनाने ती आपल्या क्रेनने ओढून आवारात आणली. मार्विनने निरोप पाठवला: चेपून टाक, एक बोल्टसुद्धा कुणाला विकू नकोस. उन्हाळ्यात गाड्या चेपणारं यंत्र ट्रेलरवरून येतं, ते येऊन गेल्यावर लिओनाने उलटा निरोप पाठवला की काम झालं. त्यानंतर क्लानेकींच्या घरात लाइलचं नाव मी तरी ऐकलं नाही.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात मार्विनच्या बायकोच्या, आयरीनच्या, किडन्यांनी हात टेकले. सोमवार, बुधवार, शुक्रवार ग्रँड आयलंडच्या इस्पितळात जाऊन रक्त शुद्ध करून घ्यायचं. जायला ऐंशी मैल, यायला ऐंशी मैल. मोठा रस्ता बरा, पण त्यांच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चार मैल खडीचा रस्ता आणि मध्ये एक खोलगट जागा, जिथे सगळ्या परगण्याचा बर्फ येऊन बसतो. बर्फ साचला की तिथून निळी पिकअपच निघायची, तीही चारही चाकं लावून. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी चारही चाकांना जोर वाटून देणारी पेटी खालून फुटली.

सोमवारी आयरीनला एका शेजाऱ्याने कसंबसं नेऊन आणलं. दुपारी बसची फेरी संपवून मी ती फुटकी पेटी लिओनाच्या टेबलावर आणून ठेवली. तिने झाकण काढलं, वास घेतला, आणि माझ्याकडे बघत राहिली.

"ह्यात तेल नव्हतं."

"असेल."

"असेल काय? मार्विनच्या गाडीत तेल नव्हतं! मार्विनच्या! त्या माणसाचं लक्ष कुठे आहे, कळतंय का तुला?"

मला कळत होतं. तिने भोंग्याचा माइक ओढला आणि सहा राज्यांना उठवलं. डाकोटातला एकजण म्हणाला, आहे, बसवर चढवतो. बुधवारी सकाळी खोकं आलं. मी ते फोडलं आणि लिओनाने शाफ्टचे दाते मोजले. दोनदा मोजले. दाते जुळत नव्हते, पेटी दुसऱ्याच वर्षाची. मग तिने डाकोटाला भोंग्यावरून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण कॅन्ससमधल्या एकाने शेवटी टाळ्या वाजवल्या.

त्याच सकाळी आयरीनला न्यायला आलेली गाडी खोलगटात रुतली. तीन तास माणसं फावडी घेऊन खपली आणि तिला परत घरी नेलं. एक वारी चुकली. पाय सुजले. फोनवर डॉक्टरांनी सरळ सांगितलं: शुक्रवारपासून नक्की येण्याची सोय नसेल तर इथल्या वृद्धाश्रमात खाट राखून ठेवतो, हिवाळाभर इथेच राहा. एखाद-दुसऱ्या रात्रीपुरतं गावात कुणीही आयरीनला घरी ठेवून घेतलं असतं, पण जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे किती दिवस? आणि मार्विनला गुरं सोडून जाता येत नव्हतं. त्या वृद्धाश्रमात आमच्या गावची चार माणसं गेली होती. चारही तिथूनच थेट दफनभूमीत आली. आयरीनने फोन ठेवला आणि भांडी घासायला लागली, असं मार्विनने मला सांगितलं. एवढंच सांगितलं.

बुधवारी दुपारी लिओना पुन्हा भोंग्याशी झटत होती. "सत्याहत्तर. सत्याहत्तरच. शहात्तर नको, कान साफ करून ऐक." माझ्याच्याने बसवेना. मी उठून मागच्या बाजूला निघालो. मला वाटलं, नऊशे गाड्या आहेत, म्हातारी एखादी विसरली असेल. तिच्या डोक्यावर संशय घ्यायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ.

आवाराच्या मागे कॉटनवूडच्या झाडांपलीकडे पत्र्याची एक शेड आहे. तिथे जुने टायर असतात अशी माझी समजूत होती. दारासमोरचा बर्फ झाडलेला दिसला म्हणून मी आत शिरलो. ताडपत्रीखाली गाडी होती. ताडपत्री उचलली, तर खाली तपकिरी दरवाजा आणि त्यावर एक पोचा. तो पोचा मीच घातला होता, एकोणऐंशी साली, शाळेची बस मागे घेताना. लाइलने तेव्हा माझ्याकडून भरपाई म्हणून फक्त एक बिअर घेतली होती.

मी आत डोकावलो. काचा पुसलेल्या, सीट झाडलेली. ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर कशिदा काढलेली एक उशी.

"झालं बघून पोटभर?" मागे लिओना उभी होती.

"ही तू चेपली होतीस ना?"

"नाही."

"मार्विनला सांगितलंस चेपली म्हणून."

"सांगितलं."

"आणि हिच्या पोटाखाली आपल्याला हवी ती पेटी आहे! तीन दिवस तू सहा राज्यांच्या डोक्यावर बसलीयस, आणि पेटी तुझ्या शेडमध्ये! डोकं फिरलंय का तुझं?"

"ओरडू नकोस. मला ऐकू येतं."

"मी आत्ता काढतो," मी म्हणालो. "रंगाचा एक हात मारू. मार्विनला सांगू, डाकोटाने चूक सुधारली."

लिओना माझ्याकडे असं बघायला लागली की मला वाटलं, आता मलाच चेपते. "ही पेटी मार्विनने स्वतःच्या हाताने बसवलीय, एल्डन. त्याला आंधळा समजतोस? आणि कुणाच्या गाडीचा पार्ट ते न सांगता मी आजवर एक खिळा दिलेला नाही. ती उशी बघितलीस?"

"बघितली."

"आयरीनची आहे."

मग तिने सांगितलं, टायरच्या ढिगावर बसून, कुणाच्या तरी कार्ब्युरेटरबद्दल बोलावं तसं. चेपणारं यंत्र यायच्या आठवडाभर आधी आयरीन चर्चमधून चालत आवारात आली. म्हणाली, एकदा बसू दे. तासभर बसली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, नको चेपूस, आणि मार्विनला कळू देऊ नकोस, त्याला सहन होणार नाही. लिओनाने शब्द दिला, गाडी शेडमध्ये ढकलली आणि आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला खोटं सांगितलं. महिन्यातून दोनदा, चर्चच्या गाण्याच्या तालमीला म्हणून आयरीन गावात यायची, त्यातला अर्धा वेळ इथे. अकरा वर्षं. आजारी पडल्यापासून तिला येता आलं नव्हतं, तरी लिओना दारातला बर्फ झाडत होती.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. शब्द आयरीनला दिलाय. त्यातून सोडवेल तर तीच सोडवेल."

गुरुवारी सकाळी लिओनाने चाकांना साखळ्या लावल्या, कोबी-मटणाच्या सूपचं पातेलं माझ्या मांडीवर दिलं आणि आम्ही क्लानेकींकडे गेलो. आदल्या दिवशी उकरलेल्या खोलगटातून ती अशी गेली की अर्धं सूप माझ्या कोटात. मार्विन गोठ्यात होता. आयरीन खिडकीशी पाय उशीवर ठेवून बसली होती. तिच्या पायांकडे बघवेना.

लिओनाने एका वाक्यात सांगितलं. पेटी कुठेच नाही, फक्त तिथे आहे.

आयरीनने खिडकीतून गोठ्याकडे बघितलं. "अकरा वर्षं त्याच्यापासून लपवलं, आणि आता माझ्या दोन पायांसाठी सांगू? तो मरेल गं. राहते मी ग्रँड आयलंडला. नाहीतरी तिथे टीव्ही मोठा आहे."

"तू काही सांगू नकोस," लिओना म्हणाली. "खोटं मी बोललेय. मी सांगते. तुझं नाव येणार नाही."

तेवढ्यात मार्विन मागच्या दाराने आत आला, बूट आपटत. लिओनाला बघून थबकला. लिओनाने त्याला टोपी काढायलासुद्धा वेळ दिला नाही.

"मार्विन, लाइलची गाडी मी चेपली नाही. माझ्या शेडमध्ये आहे. तुझी पेटी तिच्यात आहे."

मार्विनचा चेहरा पांढरा पडला. "मी तुला सांगितलं होतं..."

"सांगितलं होतंस."

"तू झालं म्हणालीस."

"खोटं बोलले. नाही करवलं माझ्याच्याने."

"चालती हो माझ्या घरातून!" मार्विन ओरडला. चाळीस वर्षांत मी त्याला ओरडताना ऐकलं नव्हतं. लिओनाने मान हलवली आणि कोटाची बटणं लावायला लागली. एका शब्दाने स्वतःची बाजू मांडली नाही. मला तिचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला, की तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, देव जाणे.

"ती कुठेही जाणार नाही," आयरीन म्हणाली. "बस खाली, लिओना. मार्विन, मी सांगितलं होतं तिला. मी जाते तिथे. बसते त्याच्या गाडीत."

मार्विन तिच्याकडे बघत राहिला. मग वळला आणि जसा आला तसा मागच्या दाराने बाहेर गेला. आम्ही तिघं सूपकडे बघत बसलो. गोठ्याशेजारच्या खोपटात काहीतरी आदळल्याचा आवाज आला, मग पुन्हा. आयरीनने माझा हात घट्ट धरला. दहा मिनिटांनी मार्विन परत आला तो पान्यांची पेटी हातात घेऊन.

"फाटक उघडं आहे ना?" त्याने विचारलं.

"मी इथे असले तर बंद कोण करणार?" लिओना म्हणाली.

आयरीनला घरी ठेवायची माझी सूचना कुणी ऐकली नाही. दोन घोंगड्यांत गुंडाळून आम्ही तिला लिओनाच्या गाडीत बसवलं, मी मागच्या हौद्यात. शेडमध्ये मार्विन ताडपत्रीसमोर जरा वेळ उभा राहिला. मग त्याने ती स्वतः ओढून काढली, घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून. बायकोला उचलून तिच्या जागेवर, उशीवर बसवलं. स्वतः गाडीच्या आत बघितलं नाही. जॅक लावला, ठोकळे लावले आणि पाठीवर झोपून खाली सरकला. दिवा धरायला मी होतो. लिओना हाताची घडी घालून उभी, कारण पार्ट ज्याचा त्याने काढायचा.

पाना फिरायला लागला. एक बोल्ट, दुसरा बोल्ट. अकरा वर्षांचे बोल्ट, पण मार्विनने बसवलेले, त्यामुळे कुरकुर करत का होईना निघाले. मग पाना थांबला. मला वाटलं, अडकला.

"एल्डन, दिवा मागे घे. अजून मागे." मग एकदम वेगळ्या आवाजात, "लिओना."

"काय?"

"हा सायलेन्सर कुणी बसवला?"

"लाइलने."

"कधी?"

"त्याच आठवड्यात. शुक्रवारी. जुना घेऊन आला होता, मुठीएवढं भोक पडलेला. टेबलावर ठेवला. मी त्याला एमिलच्या दुसऱ्या, पांढऱ्या गाडीचा काढून घ्यायला सांगितलं. इथेच बसवला त्याने, दुपारभर लागली."

मार्विन खालून बाहेर सरकला, पण उठला नाही. तसाच पाठीवर, पाना छातीवर धरून. वर पत्र्याकडे बघत बोलायला लागला.

"गुरुवारी मला म्हणाला होता. बाबा, सायलेन्सर फुटलाय, धुराचा वास येतो. मी म्हटलं, रविवारी बघू. मला काही घाईचं काम नव्हतं. कंटाळा आला होता. म्हटलं, रविवारी बघू." तो थांबला. "शनिवारी वादळ आलं."

मी दिवा धरून उभा होतो, तो खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

"मार्विन," लिओना म्हणाली, आणि इतकं हळू बोलताना मी तिला कधी ऐकलेलं नाही, "गाडी मी ओढून आणलीय. बर्फ तिच्या पोटापर्यंत साचला होता. धुराची मागची नळी ठार बुजलेली. तो बर्फ मी स्वतः टोकरून काढलाय. धुराला बाहेर जायला वाटच नव्हती. कोरी गाडी असती तरी हेच झालं असतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"शेरीफ सांगत होता, तेव्हा तू उठून गेलास. मला वाटलं, तुला नंतर कळलं असेल. माझं चुकलं. मी यायला हवं होतं."

"मार्विन," गाडीतून आयरीनचा आवाज आला. "अकरा वर्षं तू हे घेऊन बसलायस? माझ्या शेजारी झोपून?"

"विचारलं असतंस तर काय सांगणार होतो?"

तिने खिडकीतून हात खाली सोडला. तो पोचत नव्हता. मार्विन उठून बसला तेव्हा पोचला.

पेटी त्या दुपारी निघाली, अंधार पडायच्या आत निळ्या गाडीला बसली. ह्या वेळी मार्विनने तेल दोनदा तपासलं. रात्री बर्फ पडला तो पडलाच, पण शुक्रवारी सकाळी निळी पिकअप खोलगटातून गुरगुरत बाहेर पडली आणि आयरीन वेळेवर पोचली. वृद्धाश्रमातली ती खाट दुसऱ्या कुणालातरी मिळाली. तो हिवाळा आणि पुढचे दोन हिवाळे आयरीन स्वतःच्या घरात राहिली, आणि गाण्याच्या तालमीच्या दिवशी लिओनाच्या शेडसमोर दोघांच्या बुटांचे ठसे दिसायला लागले.

पण त्या दुपारी पेटी निघायच्या आधी, मार्विन अजून जमिनीवर बसलेला असताना, त्याने लिओनाला विचारलं, "त्या शुक्रवारी काय बोलला तो?"

मी लिओनाकडे बघितलं. नऊशे गाड्यांचं डोक्यात ठेवणारी बाई, तिला आठवायला क्षणभरही लागला नाही. ती उलट्या बादलीवर बसली.

"भूक लागली म्हणाला. मी कोलाचे भाजले होते, खसखस भरलेले गोड पाव, त्यातले चार खाल्ले. काळ्या हातांनीच. मग खाली शिरला आणि शिट्टी वाजवत बसला, बेसूर. बाहेर आल्यावर म्हणाला, बाबांना सांगू नकोस हं लिओना. रविवारी ते खाली शिरतील ना, शिरू दे. बघू तरी, सायलेन्सरच्या ह्या क्लॅम्पना नाव ठेवायला त्यांना काही सापडतं का."

मार्विनने माझ्या हातातला दिवा घेतला, पुन्हा आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. दोन्ही क्लॅम्प त्याने बोटांनी चाचपले, सावकाश, सगळीकडून.

"काही नाही सापडत," तो खालून म्हणाला. "चांगला बसवलाय. परत सांग, लिओना."

लिओनाने परत पहिल्यापासून सांगितलं. ह्या वेळी कोलाचे पाच झाले, पण मी काही बोललो नाही.